बेल कोणी वाजवली?

हिंदी सिनेमातलं सर्वात देखणं भूत मालाडमध्ये जन्मलं, हे बऱ्याच मालाडकरांना ठाऊक नसतं. असतं तर एव्हाना एखाद्या चौकाला त्याचं नाव लागलं असतं आणि खाली 'यांच्या प्रयत्नाने' म्हणून नगरसेवकाचंही. १९३४ साली हिमांशू राय आणि देविकाराणी यांनी इथे बॉम्बे टॉकीज उभी केली आणि १९४९ मध्ये त्याच कंपनीचा 'महल' आला. कमाल अमरोहींचं दिग्दर्शक म्हणून पहिलंच काम, जोसेफ विर्शिंग या जर्मन छायालेखकाने जागोजाग पेरलेल्या सावल्या, झोपाळ्यावर जेमतेम सोळा वर्षांची मधुबाला आणि कुठूनसा येणारा तो आवाज. आवाज दुरून आल्यासारखा वाटावा म्हणून लताबाईंना खोलीच्या कोपऱ्यात उभं केलं होतं. तिथून गात गात त्या मायक्रोफोनपर्यंत चालत आल्या. संगीतकार खेमचंद प्रकाश यांना त्या गाण्याचं यश बघायला मिळालं नाही, चित्रपट लागण्याआधीच ते गेले. तबकडीवर गायिकेचं नाव छापलं होतं 'कामिनी', म्हणजे चित्रपटातल्या भुताचं. ही कोण गाते, म्हणून लोक रेडिओला विचारू लागले. भुताला श्रेय आधी मिळालं, जिवंत गायिकेला मागाहून.

या 'महल'मागे आणखी एक हकीकत सांगतात. अशोककुमारांना म्हणे एका जुन्या बंगल्याजवळ मध्यरात्री एक बाई भेटली. गाडी बंद पडलीय, मदत करा म्हणाली. पुढे त्या गाडीत शिर नसलेलं प्रेत दिसलं. पोलिसांत गेले तर कळलं, की असा प्रकार तिथे चौदा वर्षांपूर्वी होऊन गेलाय आणि ती बाईही केव्हाच मेलीय. त्यांनी हे कमाल अमरोहींना सांगितलं आणि त्यातून चित्रपटाची कथा निघाली. यात खरं किती आणि सांगता सांगता वाढलेलं किती, ते राहू द्या. मला मजा वाटते ती पुढची. चित्रपटाच्या शेवटी कोर्टात उलगडा होतो, की भूत वगैरे कोणी नव्हतंच, ती माळ्याची मुलगी आशा होती. म्हणजे अनुभव ज्याच्या नावावर सांगतात, त्याच माणसाच्या चित्रपटाने शेवटी सगळ्याला सरळ, नैसर्गिक कारण देऊन टाकलं.

पण घरातल्या कुणाही वडीलधाऱ्याला 'महल'बद्दल विचारून बघा. झोपाळा सांगतील, होडी सांगतील, घड्याळाचे ठोके सांगतील, गाणं तर गुणगुणूनच दाखवतील. कोर्ट कोणी सांगत नाही. खुलासा येतो शेवटच्या रिळात, आणि तोवर अंगावर काटा येऊन गेलेला असतो. कारण कळलं म्हणून आलेला काटा आलाच नव्हता, असं काही होत नाही. विज्ञानवादी माणसाची सगळी पंचाईत इथेच आहे. मी स्वतःला त्यांच्यातला समजतो, म्हणून सांगतोय.

आता मढ-मार्वे रस्त्याचंच घ्या. तिथे रात्री नवरीच्या वेशातली बाई दिसते, हे मालाडमध्ये वाढलेल्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं. ज्याला ती दिसली तो मात्र कधी समोर नसतो. तो मित्राच्या ऑफिसातल्या कुणाचा तरी मेहुणा असतो. वळणं, तिवरांचा काळोख, खाडीचा वारा, भुताला लागणारं सगळं सामान तिथे आहे, हे कबूल. पण मढमध्ये मालिकांच्या शूटिंगचे बंगलेही आहेत. मालिकेत दर दोन महिन्यांनी एक लग्न ठरतं, पंधरा भाग चालतं आणि ऐन अंतरपाटाशी मोडतं. रात्री दोनला पॅकअप झाल्यावर शालू, नथ आणि हातभर चुडा अशा अवतारात रिक्षा शोधणारी बाई भूत असण्यापेक्षा ज्युनिअर आर्टिस्ट असण्याची शक्यता कितीतरी जास्त. तिला बघून रिक्षावाला सुसाट सुटतो तेव्हा भेदरून जाण्याची पाळी खरं म्हणजे तिची. हा सिद्धान्त मी एकदा एका रिक्षावाल्याला मार्वे रोडच्या ट्रॅफिकमध्ये सविस्तर ऐकवला. त्याने आरशातून माझ्याकडे बघत शांतपणे ऐकून घेतलं. "बरोबर आहे साहेब," म्हणाला, "पण रात्री मी तिकडचं भाडं घेत नाही."

आमच्या चाळीत विज्ञानाची बाजू सांभाळायला काका होते. रात्रशाळेत भौतिकशास्त्र शिकवायचे. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितोय म्हणून देशभर रांगा लागल्या तेव्हा मालाड पूर्वेची आमची चाळ काही मागे राहिली नव्हती. वाट्या, चमचे आणि पितळी पेले घेऊन सगळ्या बायका देवळाकडे निघालेल्या. काकांनी दारातच सभा घेतली. पृष्ठताण म्हणजे काय, चमच्याच्या कडेला दूध फुगून कसं उभं राहतं, दगडाला टेकलं की ते कसं ओढलं जातं आणि पातळ पापुद्र्यासारखं मूर्तीवरून कसं खाली उतरतं, सगळं सांगितलं. सरकारी शास्त्रज्ञांनीही दुधात रंग घालून तो ओघळ लोकांना दाखवून दिला होता. कोणी हलेना. मग काकांनी स्वयंपाकघरातून वरवंटा आणला, पाट्यावर उभा केला आणि काकूच्या हातून चमचा घेऊन त्याच्या टोकाला टेकवला.

वरवंट्याने दूध प्यायलं. अगदी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, चमचा रिकामा.

एक क्षण शांतता. काकांच्या चेहऱ्यावर आर्किमिडीजचा आनंद. काकूने वरवंटा उचलला, धुतला, पाटावर ठेवला आणि हळदकुंकू वाहिलं. "अहो, बारशाला आपण त्याला कुंची घालून पाळण्यात ठेवतो ते काय उगाच?" त्या दिवशी चाळीतल्या अर्ध्या बायका देवळात गेल्याच नाहीत, आमच्याच घरी रांग लागली. काका पुढचा तासभर गॅलरीत उभे होते. त्यांचा प्रयोग शंभर टक्के यशस्वी झाला होता, एवढंच त्यांना राहून राहून वाटत असावं.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं, कारण काकूने वरवंट्यापुढे पेटी ठेवली नाही. सगळीकडे एवढ्यावर भागत नाही. मालाडहून गाडीने थोडंच खाली, पार्ल्याच्या इर्ला भागात २०१२ साली एका क्रूसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागलं. लोक ते तीर्थ म्हणून नेऊ लागले. विवेकवादी कार्यकर्ते सनल एडामरुकू यांनी जाऊन पाहिलं आणि तुंबलेल्या गटाराचं पाणी केशाकर्षणाने भिंतीतून वर चढतंय, असं दाखवलं. पाणी खरं होतं, ठिबकणं खरं होतं, फक्त उगम गटारात होता. त्यांच्यावर धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या आणि ते फिनलंडला निघून गेले. पुढच्याच वर्षी, २० ऑगस्ट २०१३ ला, पुण्यात अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्याच महिन्यात जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला, डिसेंबरात कायदा झाला.

हा कायदा एकदा निवांत वाचण्यासारखा आहे. भूत दिसणं हा त्यात गुन्हा नाही. भूत आहे असं मानणं हाही नाही. भूत उतरवतो म्हणून माणसाला दोरखंडाने बांधणं, चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं, पादत्राणं भिजवलेलं पाणी पाजणं, हा गुन्हा आहे. कॉलेजात असताना अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या, म्हणजे अंनिसच्या, एका शिबिराला गेलो होतो. पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन टाकून मंत्राने होम कसा पेटवायचा, जिभेवर जळता कापूर कसा ठेवायचा, हे शिकून आलो आणि काही महिने घरच्यांना वात आणला. पण त्या शिबिरातलं लक्षात राहिलं ते भानामतीबद्दल एक कार्यकर्ते बोलले ते. घरात दगड पडतात, दांडीवरचे कपडे पेटतात, अन्नात घाण सापडते, अशा घरी गेल्यावर ते म्हणे आधी दगडांकडे बघतच नाहीत. घरातल्या प्रत्येकाशी एकेकट्याने बोलत बसतात. भानामती करणारं कोणीतरी बहुतेक त्याच घरात असतं, आणि बहुतेक वेळा ज्याचं त्या घरात कोणी ऐकत नाही असंच माणूस. ते सापडलं तरी चारचौघांत त्याचं नाव घेत नाहीत. दगड थांबतात, एवढंच. भुताचा शोध इतक्या हळुवारपणे घेता येतो, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

माझे वडील राजापूरकडचे, त्यामुळे आमच्याकडे भुतांची वर्गवारी पाठ होती. मुंज्या, समंध, हडळ, खवीस, देवचार, प्रत्येकाचं झाड आणि खातं वेगळं. त्यातला बाबांना स्वतःला भेटलेला म्हणजे चकवा. अमावास्येच्या सुमारास नाटक बघून सड्यावरून एकटेच घरी निघाले. कंदील विझला. चालताहेत, चालताहेत, आणि तेच वडाचं झाड. पुन्हा चालले, पुन्हा तोच वड. मग वडीलधाऱ्यांनी सांगून ठेवलेला उपाय केला. खाली बसले, विडी पेटवली आणि उजाडेपर्यंत जागचे हलले नाहीत. उजाडल्यावर पाहतात तर घराचं कौल दिसत होतं.

मी बाबांना कितीदा तरी सुचवलं होतं, की नाटकाच्या मध्यंतरात काही घेतलं असेल. ते रागवायचे. आणि त्यांचं रागावणं रास्त होतं. २००९ साली जर्मनीतल्या ट्युबिंगेन इथल्या मॅक्स प्लांक संस्थेतले यान साउमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसं जंगलात आणि सहारा वाळवंटात सोडून सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती सरळ चालली. तो ढगाआड गेला तशी गोल फिरू लागली, आपलीच वाट ओलांडून गेली, आणि आपण सरळच चाललोय अशी त्यांची खात्री होती. शरीराच्या दिशाज्ञानात बारीक बारीक चुका साठत जातात, आणि दुरुस्त करायला डोळ्यांसमोर खूण नसली की माणूस वळत राहतो. चकव्याचं हे निदान वाचून मी खूश झालो खरा, पण कोकणातल्या म्हाताऱ्यांचा उपाय बघा: बसा, उजाडेपर्यंत हलू नका. औषध त्यांच्याकडे शेकडो वर्षं होतं, शास्त्रज्ञांनी नुसतं रोगाचं नाव बदललं. हे बाबांना ऐकवलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे जर्मनीतही चकवा आहे."

अशी उत्तरं हल्ली हवी तेवढी मिळतात. झोपेतून जाग येते पण शरीर हलत नाही, छातीवर कोणी बसलंय असं वाटतं, त्याला निद्रापक्षाघात म्हणतात. स्वप्नात हातपाय झाडू नयेत म्हणून मेंदूने घातलेलं कुलूप उघडायला जरा उशीर होतो. इंग्लंडात कॉव्हेंट्रीला विक टँडी नावाच्या इंजिनिअरला प्रयोगशाळेत कडेला करडी आकृती दिसायची, घाम फुटायचा. भूत निघालं नव्या पंख्याचं, सेकंदाला एकोणीस वेळा कंप पावणाऱ्या, कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाचं. आमच्या मालाडातही चिंचोली बंदरच्या जुन्या कचराभूमीवर माइंडस्पेसच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा तिथली यंत्रं अकाली मान टाकतात अशा बातम्या येत. बोट दाखवलं गेलं ते जमिनीखालच्या वायूंकडे. हायड्रोजन सल्फाइड तांबं आणि चांदी दोन्ही खातो. भुताचा वास येतो म्हणतात. हे भूत तर सडक्या अंड्यांच्या वासासकट आलं होतं.

तरीही एखादी गोष्ट उरते. मायकेल शर्मर हे अमेरिकेतले नामांकित संशयवादी, 'स्केप्टिक' मासिकाचे संस्थापक. चमत्कारांचे दावे खोडून काढण्यात त्यांची हयात गेली. २५ जून २०१४ ला घरीच त्यांचं लग्न झालं. वधू जर्मनीची, तिच्या लाडक्या, दिवंगत आजोबांचा १९७८ सालचा फिलिप्सचा ट्रान्झिस्टर तिने जपून आणलेला. शर्मरनी तो दुरुस्त करायचा खटाटोप करून पाहिला होता, तो काही बोलला नव्हता. मग खणात पडला. लग्नाच्या दिवशी, आज आजोबा असायला हवे होते असं तिच्या मनात दाटून आलेलं असताना, त्या खणातून प्रेमगीत ऐकू येऊ लागलं. दुसऱ्या दिवशी रेडिओ पुन्हा मुका. शर्मरनी हे स्वतःच 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिलं, आणि आपण हादरलो हेही लिहिलं. मला हे आवडलं. कारण मलाही तसंच काहीसं सांगायचंय, फक्त आमचं प्रकरण रेडिओचं नाही, बेलचं आहे.

बाबा निवृत्त झाल्यावरही रोज संध्याकाळी मालाड स्टेशनपर्यंत जाऊन यायचे. काम काही नसायचं. चर्चगेटहून येणारी गर्दी उतरताना बघायची आणि आपण त्यात नाही याचं समाधान घेऊन नऊच्या सुमाराला परतायचं. बेल दोनदा वाजवायचे, लागोपाठ. ही बिनतारी बेल त्यांनीच स्टेशनबाहेरच्या दुकानातून घासाघीस करून आणली होती. ते गेले त्यानंतर, अजून दिवस-पाणी चालू होतं, आम्ही सगळे सुतकी चेहऱ्याने हॉलमध्ये बसलेलो, आणि नऊच्या सुमाराला बेल वाजली. दोनदा, लागोपाठ. दार उघडलं. जिना रिकामा.

माझ्या मानेवरचे केस उभे राहिले, हे मी इथे लिहून देतो. पृष्ठताण, केशाकर्षण, साउमन, टँडी, त्या क्षणी यातलं कोणीही मदतीला आलं नाही. दुसऱ्या दिवशीही वाजली.

मी माझ्या परीने लिटलवुडचा आधार घेतला. या ब्रिटिश गणितज्ञाच्या नावाने एक हिशेब सांगतात: माणूस दिवसातले आठ तास जागरूक असतो आणि सेकंदाला एक घटना त्याच्यासमोर घडते असं धरलं, तर साधारण पस्तीस दिवसांत दहा लाख घटना होतात. म्हणजे दहा लाखांत एक असा चमत्कार प्रत्येकाच्या वाट्याला महिन्याकाठी यायलाच हवा. २०११ च्या जनगणनेत मुंबई एक कोटी चोवीस लाखांची होती. त्या हिशेबाने शहरात रोज साडेतीन लाख चमत्कार. त्यातला एखादा आमच्या दारात. हे मी आईला समजावत असताना बेल वाजली, आणि आई दार उघडायला उठली. मी म्हटलं, "अगं, कोणी नसणार." ती म्हणाली, "मला माहितीये. पण उघडलं नाही तर बरं दिसत नाही."

सोसायटीत बातमी पसरली. कुणाच्या तरी ओळखीचे एक वास्तुवाले आले, होकायंत्र लावून उंबरठा मोजला आणि आत्मा नैऋत्येला अडकलाय, शांतीचा खर्च अमुक इतका, असं सांगितलं. आकडा ऐकून आईने त्यांना चहा दिला आणि वाटेला लावलं. "यांना जन्मभर कधी घरी यायला पैसे पडले नाहीत," एवढंच म्हणाली.

उलगडा व्हायचा तो लिफ्टमध्ये झाला. वरच्या मजल्यावरचं गुजराती कुटुंब नवीन आलेलं. त्या घरच्या बाई आईला म्हणाल्या, "मासी, या जागेत काही आहे का हो? आमची बा वारली त्याला वर्ष झालं. ती पहाटे साडेपाचला उठून देवाची घंटी वाजवायची. इथे आल्यापासून रोज साडेपाचला बेल वाजते, दारात कोणी नाही."

साडेपाचला आमचा दूधवाला येतो.

दोन्ही घरांच्या बेल एकाच कंपनीच्या, एकाच कोडवर. त्यांचा मुलगा जिममधून नऊला परतला की आमच्याकडे बाबा यायचे. आमचा दूधवाला आला की त्यांच्याकडे बा उठायची. एका इमारतीत दोन भुतं, दोन्ही वेळेची पक्की, आणि दोघांचे आवाज एकाच स्वस्त चिपमधून. मी त्या मुलाला खाली बोलावलं, दोन्ही बटणं शेजारी ठेवून आईसमोर प्रात्यक्षिक केलं. काकांच्या वरवंट्यानंतर आमच्या घराण्यातलं हे दुसरं यशस्वी प्रात्यक्षिक. आईने नीट पाहिलं, मान डोलावली आणि त्या मुलाला विचारलं, "तुम्ही ही बेल आणली कुठून?"

"स्टेशनबाहेरून," तो म्हणाला. "आम्ही सामान लावत होतो तेव्हा काका जिन्यात भेटले होते. त्यांनीच दुकान सांगितलं. म्हणाले, माझं नाव सांग, कमी करून देईल."

आईने माझ्याकडे पाहिलं. खटला जिंकलेल्या वकिलाने समोरच्या वकिलाकडे बघावं तसं. "म्हणजे वाजवली त्यांनीच," ती म्हणाली.

यावर मला काही बोलता आलं नाही. कार्यकारणभावाची साखळी तपासली तर एकही कडी सुटत नव्हती. मुलगा बिचारा ओशाळला होता. कोड बदलता येतो, आजच बदलून टाकतो म्हणाला. आई त्याला लाडू द्यायला आत गेली आणि आतूनच ओरडली, "बदलू नको रे. फक्त जिमहून वेळेवर येत जा. परवा पावणेअकराला वाजवलीस. काका एवढा उशीर कधी करायचे नाहीत."